राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर : सीसॅटची तयारी कशी करावी

पूर्व परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी असे काही उमेदवार भेटतात, ज्यांचे पहिल्या पेपरातील गुण कटऑफच्या बरेच वर असतात आणि तरीही ज्यांचे नाव यादीत नसते. त्यांनी इतिहास, राज्यव्यवस्था, अर्थशास्त्र यांचे वर्षभर वाचन केलेले असते, नोट्स काढलेल्या असतात, उजळणी तीनदा झालेली असते. मात्र दुपारच्या सत्रातील दुसऱ्या, म्हणजे सीसॅटच्या (कल चाचणीच्या) पेपरात त्यांना पात्रतेचे ६६ गुण मिळालेले नसतात आणि त्यामुळे सकाळच्या पेपराचा विचारच होत नाही. हे नुकसान टाळता येण्याजोगे असते, म्हणूनच ते अधिक बोचते. पुढील विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे आहे. संघ लोकसेवा आयोगाचा पेपर जिथे वेगळा पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

या पेपराचा थोडा इतिहास ठाऊक असणे तयारीसाठी उपयोगाचे आहे. संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्व परीक्षेतील वैकल्पिक विषय काढून त्याजागी हा कल चाचणीचा पेपर आणला. राज्य आयोगाने २०१३ पासून राज्यसेवेसाठी तोच मार्ग धरला. सुरुवातीला दोन्हीकडे या पेपराचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात. २०१४ मध्ये दिल्लीत हिंदी आणि अन्य भारतीय भाषांच्या उमेदवारांनी मोठे आंदोलन केले आणि २०१५ पासून केंद्राचा पेपर केवळ पात्रतेपुरता राहिला. राज्यात हा बदल २०२२ च्या परीक्षेपासून आला. त्यामुळे २०१३ ते २०२१ या काळातील यशस्वी उमेदवारांची मार्गदर्शनपर भाषणे ऐकताना किंवा त्या काळातली पुस्तके वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : त्यांना या पेपरात जास्तीत जास्त गुण हवे होते, तुम्हाला ६६ गुणांची रेषा निश्चितपणे ओलांडायची आहे. उद्दिष्ट बदलले की पद्धतही बदलायला हवी. दुसऱ्या टोकाला, "आता तो फक्त क्वालिफाइंग आहे" असे म्हणून परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दोन प्रश्नपत्रिका सोडवून मोकळे होणारे उमेदवारही आहेत, आणि वर वर्णन केलेले निराश चेहरे बहुतेक त्यांचेच असतात.

आधी हिशेब, मग अभ्यास

राज्य आयोगाच्या दुसऱ्या पेपरात ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आहेत आणि चुकीच्या उत्तरासाठी त्याच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ०.६२५ गुण वजा होतात. पात्रतेसाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. एकही उत्तर न चुकता २७ प्रश्न बरोबर आले, तर ६७.५ गुण होतात. ऐंशीपैकी सत्तावीस हा आकडा ऐकून पेपर अगदी सोपा वाटतो. पण परीक्षेत एकही उत्तर चुकत नाही असे होत नाही, आणि खरा खेळ तिथेच सुरू होतो.

दोन उमेदवारांची कल्पना करावी. पहिल्याने घाईघाईने ६५ प्रश्न सोडवले; त्यांपैकी ३० बरोबर आले आणि ३५ चुकले. त्याचे ७५ गुण झाले आणि त्यांतून २१.८७५ गुण गेले. हाती राहिले ५३.१२५. दुसऱ्याने केवळ ४५ प्रश्न सोडवले. ३२ बरोबर, १३ चूक. त्याचे ८० मधून ८.१२५ गेले आणि ७१.८७५ राहिले. बरोबर उत्तरांत दोघांमध्ये फक्त दोन प्रश्नांचे अंतर आहे, तरी एक पात्र ठरला आणि दुसरा बाहेर गेला. पहिल्या उमेदवाराचे ज्ञान कमी होते असे म्हणता येणार नाही. कोणता प्रश्न सोडावा हे त्याला ठरवता आले नाही. या पेपराची तयारी म्हणजे बऱ्याच अंशी हे ठरवण्याची तयारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर गणितानेच द्यावे. चार पर्याय आणि एक-चतुर्थांश वजावट असताना डोळे मिटून दिलेल्या उत्तरातून सरासरी ०.१६ गुणांच्या आसपास लाभ होतो. हा लाभ इतका क्षुल्लक आहे की पंधरा-वीस प्रश्नांच्या एका पेपरात तो सहज उलटा पडू शकतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर सरासरी लाभ ०.४२ च्या जवळ जातो, आणि दोन पर्याय बाद झाले, तर उत्तर न देणे हीच चूक ठरते. संघ लोकसेवा आयोगाकडे वजावट एक-तृतीयांश असल्याने डोळे मिटून दिलेल्या उत्तराचा सरासरी लाभ बरोबर शून्य आहे. तिथे किमान एक पर्याय बाद झाल्याशिवाय पेन उचलू नये.

उतारे : पेपराचा कणा

राज्य आयोगाच्या पेपरात साधारणपणे ५० प्रश्न उताऱ्यांवर असतात. सुमारे दहा उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न, असा त्याचा आजवरचा बांधा आहे. म्हणजे २०० पैकी सव्वाशे गुण इथे आहेत आणि पात्रता फक्त ६६ ची आहे. असे असूनही अभ्यासिकेत सीसॅटच्या नावाखाली जे चालते, त्यातले बहुतेक काळ-काम-वेगाची गणिते असतात. उताऱ्यांचा अभ्यास करायचा असतो हेच अनेकांना पटत नाही, कारण मराठी आपल्याला येतेच अशी प्रत्येकाची समजूत असते. मराठी बोलता येणे आणि तत्त्वज्ञान, अर्थकारण किंवा जीवशास्त्र यांवरचा चारशे शब्दांचा, अनुवादित वळणाचा उतारा चार मिनिटांत समजून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उतारा वाचताना प्रत्येक परिच्छेद संपला की लेखकाने नेमके काय म्हटले, हे मनातल्या मनात एका वाक्यात सांगून पुढे जावे. 'परंतु', 'तथापि', 'असे असले तरी', 'याउलट' हे शब्द आले की थांबावे, कारण लेखकाचे स्वतःचे म्हणणे बहुधा त्यांच्यानंतर येते आणि त्याआधीचे म्हणणे तो केवळ मान्य करून बाजूला ठेवत असतो. प्रश्न आधी वाचावेत की उतारा आधी, यावर दोन मते आहेत. प्रश्न एकदा नजरेखालून घालून उतारा वाचणे मला योग्य वाटते, पण पर्याय मात्र आधी वाचू नयेत. चुकीचे पर्याय डोक्यात बसले की उताऱ्यात नसलेली वाक्येही उताऱ्यात दिसू लागतात.

एक छोटा नमुना पाहू. "ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी कमी लागते हे खरे आहे. परंतु वाचलेले पाणी शेतकरी अनेकदा अधिक क्षेत्र ओलिताखाली आणण्यासाठी किंवा अधिक पाणी पिणारे पीक घेण्यासाठी वापरतो. त्यामुळे शेताच्या पातळीवर झालेली बचत पाणलोटाच्या पातळीवर दिसेलच असे नाही." प्रश्न असा : उताऱ्याशी सुसंगत विधान कोणते? पहिला पर्याय, ठिबक सिंचनाने पाणी वाचत नाही. दुसरा, ठिबक सिंचनाला सरकारने अनुदान देऊ नये. तिसरा, शेतातील बचत आणि पाणलोटातील बचत या एकच गोष्टी नव्हेत. चौथा, ठिबक वापरणारे सर्व शेतकरी ओलिताचे क्षेत्र वाढवतात.

पहिला पर्याय उताऱ्याच्या पहिल्याच वाक्याच्या विरुद्ध जातो. दुसरा कदाचित कोणाला पटेल, वर्तमानपत्रात त्यावर लेखही आला असेल, पण उतारा अनुदानाबद्दल एक अक्षरही बोलत नाही. चौथ्यात 'अनेकदा' या शब्दाचे 'सर्व' झाले आहे; आयोगाच्या चुकीच्या पर्यायांची ही सर्वांत आवडती घडण आहे. उरतो तिसरा, जो लेखकाचे शब्द न वापरता त्याचाच आशय सांगतो. चुकीचे पर्याय बहुधा याच तीन प्रकारांचे असतात : उताऱ्याच्या विरुद्ध, उताऱ्याच्या बाहेरचे आणि उताऱ्यापेक्षा जास्त बोलणारे. सरावाच्या काळात प्रत्येक प्रश्नाखाली, कोणता पर्याय कोणत्या कारणाने बाद झाला, हे लिहून ठेवण्याची सवय लावावी. महिनाभर हे काम कंटाळवाणे वाटते. त्यानंतर पर्याय वाचतानाच त्यातला दोष डोळ्यांत भरू लागतो. पहिल्या पेपरासाठी जमवलेली माहिती इथे अडथळा ठरते, हेही लक्षात घ्यावे. भूजलाविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे हे आयोग इथे विचारत नसून, लेखकाने काय म्हटले आहे एवढेच विचारत आहे.

गृहीतक आणि अनुमान यांत गल्लत करणारे उमेदवारही पुष्कळ असतात. अनुमान हे उताऱ्यातून पुढे निघते. गृहीतक हे उताऱ्याच्या मागे असते आणि ते खोटे ठरवले तर लेखकाचा युक्तिवादच कोसळतो. म्हणून गृहीतकाच्या प्रश्नात प्रत्येक पर्याय उलटा करून पाहावा. वरच्या उताऱ्यात 'शेतकऱ्याला वाचलेले पाणी दुसरीकडे वापरण्याची मुभा असते' हे गृहीतक आहे, कारण ती मुभा नसती तर लेखकाचा निष्कर्षच उभा राहिला नसता.

राज्य आयोगाच्या पेपरात बहुतेक उतारे मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिलेले असतात. आपण एका भाषेत वाचायचे ठरवावे आणि मराठी वाक्य अनुवादामुळे गुंतले असेल, तेवढ्या वाक्यापुरतीच शेजारच्या इंग्रजीवर नजर टाकावी. दोन्ही रूपे पूर्ण वाचण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. काही उतारे मात्र केवळ मराठी किंवा केवळ इंग्रजी आकलन तपासण्यासाठी असतात आणि त्यांचे भाषांतर दिले जात नाही. अभ्यासक्रमानुसार त्यांचा दर्जा दहावी-बारावीचा आहे. इंग्रजीची भीती असणाऱ्या ग्रामीण भागातील उमेदवारांनी हा एक उतारा सोडला तरी आकाश कोसळत नाही, हे हिशेबावरून दिसतेच. पण रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एक लहान लेख वाचणाऱ्याला तो सोडावा लागत नाही. मराठी वाचनासाठी वर्तमानपत्रांतील अग्रलेखांबरोबर मराठी विश्वकोशातील नोंदी वाचाव्यात. महाजालावर त्या मोफत उपलब्ध आहेत आणि विज्ञान, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांची जी पारिभाषिक, घट्ट मराठी उताऱ्यांत येते, तिची सवय त्यातून होते.

केंद्राच्या परीक्षेत मराठी माध्यमाच्या उमेदवाराची अडचण वेगळी आहे. ती प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते आणि हिंदी अनुवाद अनेकदा इतका बोजड असतो की मूळ इंग्रजी त्याहून सोपी वाटते. अशा उमेदवाराने पहिल्या दिवसापासून इंग्रजी उताऱ्यांवरच सराव करावा. तिथले उतारे लहान असतात, पण पर्यायांतील भेद फार बारीक असतो आणि अंकगणितही अधिक कठीण असते. २०२३ चा दुसरा पेपर अत्यंत कठीण असल्याची तक्रार देशभरातून झाली होती आणि त्या वर्षी पहिल्या पेपराचा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ ७५.४१ पर्यंत खाली आला. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी तयारी केंद्राच्या पातळीची करावी. ती राज्याला पुरून उरते.

अंकगणित आणि तर्क

उताऱ्यांखेरीज उरणाऱ्या प्रश्नांत साधारण पंचवीस प्रश्न अंकगणित, तर्क आणि माहितीचे विश्लेषण यांचे असतात. अंकगणिताचा दर्जा दहावीचा आहे, असे अभ्यासक्रमच सांगतो. दहावीनंतर गणित सोडलेल्या कला शाखेच्या उमेदवाराने जाडजूड संदर्भग्रंथ उघडण्याआधी राज्य मंडळाची आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके काढावीत आणि शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, नफा-तोटा, व्याज, लसावि-मसावि आणि काळ-काम-वेग एवढी प्रकरणे मुळापासून करावीत. क्रमपर्याय आणि संभाव्यता शेवटी घ्यावीत आणि जमत नसतील तर खुशाल सोडावीत.

आपल्या भाषेत या कामाला फार मोठी मदत आहे. जुन्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती; आपण ती पाठ केली नसली तरी सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द रोज वापरतो. पंचवीस टक्के वाढ म्हणजे सव्वापट, पन्नास टक्के वाढ म्हणजे दीडपट, असा विचार सुरू केला की निम्मी आकडेमोड तोंडी होते. किंमत सव्वापट झाली आणि ती पुन्हा मूळ जागी आणायची असेल, तर पाच भागांतला एक भाग, म्हणजे वीस टक्के कमी करावी लागेल, हे सूत्राशिवाय दिसते. साडेबारा टक्के म्हणजे एक-अष्टमांश, साडेसदतीस टक्के म्हणजे तीन-अष्टमांश, अशी दहा-बारा रूपे आणि तीसपर्यंतचे पाढे व वर्ग पाठ असावेत.

काळ-कामाची गणिते अपूर्णांकांत करू नयेत. समजा, एक गवंडी भिंत १२ दिवसांत बांधतो आणि दुसरा १८ दिवसांत. दोघे मिळून काम सुरू करतात आणि ४ दिवसांनी पहिला निघून जातो, तर उरलेल्या कामाला किती दिवस लागतील? १२ आणि १८ चा लसावि ३६ घ्यावा आणि भिंतीत ३६ थर आहेत असे मानावे. पहिला रोज ३ थर रचतो, दुसरा २. चार दिवसांत २० थर झाले, १६ उरले, दुसरा ते ८ दिवसांत पूर्ण करील. नळ आणि टाकी, वेग आणि अंतर यांनाही हीच युक्ती चालते. केंद्राच्या पेपरात संख्यापद्धतीवर अधिक भर असतो. ७ चा २०२५ वा घात काढल्यास एकक स्थानी कोणता अंक येईल, असे प्रश्न तिथे येतात. ७ च्या घातांचे एकक अंक ७, ९, ३, १ या क्रमाने फिरत राहतात, २०२५ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून उत्तर ७. अशा प्रश्नाला वीस सेकंद लागतात, पण ते चक्र ठाऊक असलेल्यालाच.

तक्त्यांवरील प्रश्नांत टक्केवारीच्या भाषेकडे बारीक लक्ष द्यावे. एखाद्या गोष्टीचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर गेले, तर ती वाढ पन्नास टक्के आहे. पाच हा केवळ दोन टक्केवारींमधला फरक आहे. पर्यायांत हे दोन्ही आकडे हमखास दिलेले असतात. पर्यायांत मोठे अंतर असेल, तर नेमकी आकडेमोड न करता जवळच्या पूर्ण संख्या घेऊन अंदाज काढावा.

तर्काच्या प्रश्नांत कागद आणि पेन्सिल हेच गुरू आहेत. दिशा, नातेसंबंध आणि बैठकव्यवस्था यांतले काहीही मनात सोडवू नये. आकृती काढावी आणि जी माहिती निश्चित आहे तिच्यापासून सुरुवात करावी. विधाने आणि निष्कर्षांसाठी वर्तुळे काढावीत. 'सर्व तलाठी पदवीधर आहेत' आणि 'काही पदवीधर कवी आहेत' या दोन विधानांवरून 'काही तलाठी कवी आहेत' असा निष्कर्ष निघत नाही, कारण कवी असलेले पदवीधर तलाठ्यांच्या वर्तुळाबाहेरही असू शकतात. माहिती पुरेशी आहे का, असे विचारणाऱ्या प्रश्नांत उत्तर काढत बसण्याची गरज नसते. रमेश सीमापेक्षा ४ वर्षांनी मोठा आहे आणि दोघांच्या वयांची बेरीज ४० आहे, ही दोन विधाने एकत्रित पुरेशी आहेत, एवढे कळले की काम झाले; रमेशचे वय काढणे हा तिथे वेळेचा अपव्यय आहे.

निर्णयक्षमतेचे पाच प्रश्न

राज्य आयोगाच्या पेपराच्या शेवटी निर्णयक्षमता आणि प्रश्नांची सोडवणूक यावर पाच प्रश्न येत आले आहेत. त्यांना वजावट नाही आणि पर्यायांना उतरत्या क्रमाने गुण दिले जातात, म्हणजे सर्वोत्तम नसलेल्या पर्यायालाही काही गुण मिळू शकतात. साडेबारा गुणांचे हे प्रश्न वेळ संपला म्हणून कोरे सोडणे ही अक्षम्य चूक आहे.

उदाहरणार्थ, तुम्ही तहसीलदार आहात आणि टंचाईग्रस्त गावातील एका वस्तीला टँकरचे पाणी मुद्दाम दिले जात नाही, अशी तक्रार तुमच्याकडे आली आहे. ग्रामसेवकाकडून अहवाल मागवून वाट पाहणे, तक्रारदाराला रीतसर लेखी अर्ज करायला सांगणे, टँकरच्या ठेकेदाराचे काम तत्काळ रद्द करणे, किंवा त्याच दिवशी मंडळ अधिकाऱ्याला वस्तीवर पाठवून पाणी पोहोचेल याची खात्री करणे आणि चौकशी सुरू करणे, असे चार मार्ग आहेत. शेवटचा सर्वोत्तम आहे, कारण त्यात तातडीची गरज भागते, वस्तुस्थिती तपासली जाते आणि ते तुमच्या अधिकाराच्या कक्षेत आहे. ठेकेदाराला काढल्यास बाकीच्या गावाचेही पाणी थांबेल. नुसता अहवाल मागवण्यात किंवा अर्ज लिहायला सांगण्यात वस्ती तहानलेलीच राहते. उत्तर निवडताना माणसाची तातडी, कायद्याची चौकट आणि स्वतःची जबाबदारी या तिन्ही कसोट्या लावाव्यात. जबाबदारी वरिष्ठांवर ढकलणारा आणि संतापाच्या भरात टोकाची कारवाई करणारा, असे दोन्ही पर्याय सहसा कमी गुणांचे असतात.

सराव कसा बांधावा

सुरुवात पुस्तकाने न करता प्रश्नपत्रिकेने करावी. आयोगाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका उपलब्ध आहेत. त्यांतली एक काढून दुपारच्या वेळी, जेवणानंतर, सलग दोन तास बसून सोडवावी आणि वजावटीसह गुण काढावेत. पहिल्याच प्रयत्नात ९० च्या वर गुण असतील, तर आठवड्याला एक प्रश्नपत्रिका एवढा सराव पुरतो. ६६ ते ९० मध्ये असाल, तर रोज पाऊण तास द्यावा. ६६ च्या खाली असाल, तर चार महिने रोज दीड तास याच पेपराला द्यावा लागेल आणि तो पहिल्या पेपराच्या अभ्यासातून काढावा लागेल. ही वाटणी अनेकांना मान्य होत नाही, पण तिला पर्याय नाही.

प्रत्येक प्रश्नपत्रिका सोडवल्यानंतर ती तपासायला सोडवण्याइतकाच वेळ द्यावा. एका वहीत चुकीचा प्रश्न, आपण दिलेले उत्तर आणि चुकीचे कारण लिहावे : आशय समजला नाही, घाईत वाचले, आकडेमोड चुकली, की मुळात हा प्रश्न सोडायलाच हवा होता. आठ-दहा प्रश्नपत्रिकांनंतर तुमची चूक कुठे साचते हे वहीच सांगते. अभियांत्रिकीचे पदवीधर या वहीत उताऱ्यांच्या रकान्यात अडकलेले मी पाहिले आहेत, आणि गणिताला घाबरणारी कला शाखेची मुले उताऱ्यांच्या जोरावर नव्वदी गाठताना पाहिली आहेत. टेस्ट सिरीज लावायची असेल तर शेवटच्या दोन महिन्यांत लावावी, मात्र तिचे उतारे आयोगाच्या उताऱ्यांसारखे असतातच असे नाही. म्हणून आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी किमान तीन अगदी शेवटी सोडवण्यासाठी राखून ठेवाव्यात.

परीक्षेच्या दोन तासांत

एकशेवीस मिनिटांत ऐंशी प्रश्न म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला आठ ते नऊ मिनिटे लागतात, त्यामुळे दहाही उतारे घेतले तर तासाभरापेक्षा बराच जास्त वेळ त्यांतच जातो. सात उतारे निवडावेत आणि त्यांना एक तास द्यावा. तर्क व गणितातून सोयीचे पंधरा प्रश्न चाळीस मिनिटांत करावेत, निर्णयक्षमतेला सात मिनिटे द्यावीत आणि उरलेली तेरा मिनिटे उत्तरपत्रिका भरण्यासाठी आणि राहिलेल्या एखाद्या सोप्या प्रश्नासाठी ठेवावीत. उताऱ्यांतल्या ३५ प्रश्नांपैकी २४ आणि बाकीच्या १५ पैकी १० बरोबर आले आणि उरलेले सगळे चुकले, तरी बरोबर ७५ गुण होतात. निर्णयक्षमतेचे गुण त्यावर वेगळे. एवढे सैल अंतर हाताशी असले की कठीण वर्षातही मन थाऱ्यावर राहते.

उतारा निवडण्यासाठी त्याची पहिली तीन वाक्ये वाचावीत. विषय परका आणि वाक्ये गुंतागुंतीची असतील, तर तो उतारा बाजूला ठेवावा. आपण त्यात दोन मिनिटे घातली आहेत म्हणून त्याला चिकटून राहू नये. तर्काच्या प्रश्नालाही तोच नियम : दोन मिनिटांत वाट सापडली नाही, तर पुढे जावे. उत्तरपत्रिकेतील वर्तुळे शेवटी एकदम न भरता प्रत्येक उतारा संपल्यावर त्याचे पाच प्रश्न भरावेत, म्हणजे सोडलेल्या प्रश्नांमुळे क्रमांक सरकण्याचा धोका राहत नाही. एका प्रश्नाला दोन वर्तुळे रंगली, तर ते उत्तर चुकीचे धरले जाते, म्हणून पेन टेकवण्याआधी क्रमांक पाहावा.

दोन सत्रांमधल्या वेळात सकाळच्या पेपराची उत्तरे कोणाशीही ताडून पाहू नयेत. केंद्राबाहेर झाडाखाली घोळका जमतो, कोणीतरी मोबाइलवर उत्तरे शोधतो आणि दहा मिनिटांत चांगला गेलेला पेपर वाईट गेल्यासारखा वाटू लागतो. हलके जेवावे, शक्य असेल तर पंधरा मिनिटे डोळे मिटून पडावे आणि वेळेआधी वर्गात जावे.

परीक्षेनंतर आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो आणि ठरावीक मुदतीत हरकती मागवतो. त्या दिवशी दुसऱ्या पेपराचे गुण वजावटीसह मोजावेत. ते ६६ च्या आसपास रेंगाळत असतील आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे असल्याचा तुमच्याकडे प्रमाणित पुरावा असेल, तर मुदत संपण्याआधी हरकत नोंदवावी. गुण ७५ च्या वर असतील, तर अंतिम तालिकेची वाट न पाहता त्याच संध्याकाळी मुख्य परीक्षेची पुस्तके काढावीत.